नवा फोन घेतला आणि घड्याळ जोडलंच जाईना

मागच्या अंकात जुन्या फोनमधला डेटा नव्या फोनमध्ये कसा न्यायचा ते लिहिलं होतं. त्यात स्मार्टवॉचबद्दल जेमतेम एक ओळ होती, "वॉच नव्या फोनला परत जोडून घ्या" एवढीच. ती ओळ फार अपुरी पडली हे तुमच्या पत्रांवरून कळलं, म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच विषयाचे घेतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई नमस्कार, नवीन अँड्रॉइड फोन घेतला, कॉन्टॅक्ट फोटो चॅट सगळं नीट आलं पण वॉच काही केल्या जोडलं जात नाहीये. ब्लूटूथच्या यादीत कधी नाव दिसतं कधी दिसतच नाही, दिसलं म्हणून दाबावं तर पेअरिंग झालं नाही असा मेसेज येतो. दोन दिवस झाले. जुना फोन मुलीला दिलाय अभ्यासाला. वॉच खराब झालं असेल का की नव्या फोनच्या ब्लूटूथमध्येच गडबड आहे?

उत्तर: बहुतेक दोन्ही ठणठणीत आहेत. उत्तर तुमच्याच पत्रात आहे, जुना फोन घरात आहे आणि चालू आहे.

पेअरिंग करताना फोन आणि वॉच आपसात एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघंही ती आपापल्याकडे जपून ठेवतात, म्हणून तर रोज सकाळी परत कोड टाकावा लागत नाही. तुमच्या वॉचकडे अजून जुन्या फोनचीच किल्ली आहे. मुलगी घरात असली आणि तिच्या फोनचं ब्लूटूथ चालू असलं की वॉच आपोआप त्यालाच जाऊन चिकटतं, आणि एकदा का एका फोनला लागलं की बरीचशी वॉच "मी इथे आहे" असा सिग्नल सोडायचंच थांबवतात, मग नव्या फोनला ते दिसणार कसं? मुलगी बाहेर गेली की दिसायला लागतं. तुमचं ते कधी दिसतं कधी नाही याचं कारण हेच असणार.

आता क्रमाने करा, घाई नको. मुलीकडून फोन घ्या, त्यातलं वॉचचं ॲप उघडा आणि आधी एकदा सिंक होऊ द्या, म्हणजे वॉचमधल्या नोंदी ॲपमध्ये येऊ द्या, त्यासाठी खाली ओढून रिफ्रेश करायचं आणि पूर्ण होईपर्यंत थांबायचं. मग त्याच ॲपमधून वॉच काढून टाका, कुठे अनपेअर लिहिलेलं असतं कुठे अनबाइंड कुठे रिमूव्ह डिव्हाइस. त्यानंतर त्या फोनच्या ब्लूटूथ यादीतही वॉचचं नाव राहिलं असेल तर ते 'फरगेट' करा आणि तासभर ब्लूटूथ बंदच ठेवा. आता नवा फोन. दोन दिवसांच्या खटपटीत त्याच्या ब्लूटूथ यादीत वॉचचं नाव अर्धवट जाऊन बसलं असेल तर तेही फरगेट करा, कारण एकाकडे किल्ली आहे आणि दुसऱ्याने पुसलीय अशी अवस्था झाली की दोघं एकमेकांना दारातूनच परत पाठवतात. फोन आणि वॉच दोन्ही एकदा बंद करून चालू करा, वॉचला निम्म्याच्या वर चार्ज असू द्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन जोडू नका. वॉचच्या कंपनीचं ॲप नव्या फोनवर घ्या, जुन्या फोनवर होतं त्याच अकाउंटने लॉगिन करा आणि ॲपमधल्या 'ॲड डिव्हाइस'मधूनच वॉच शोधा. ब्लूटूथ सेटिंगमधून जोडलं तर कनेक्टेड असं दिसतं खरं पण ॲपला त्याचा पत्ता नसतो, मग स्टेप्स येत नाहीत, नोटिफिकेशन येत नाहीत आणि माणूस वॉचला दोष देत बसतो. ॲपमध्येही सापडलं नाही तर फोनचं लोकेशन चालू आहे का बघा. अँड्रॉइड ११ पर्यंत आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागायची, १२ पासून त्यासाठी 'निअरबाय डिव्हाइसेस' अशी वेगळी परवानगी आली, तरी बरीच ॲप अजून दोन्ही मागतात. दोन्ही द्या. इतकं करूनही नाहीच झालं तर मगच वॉच फॅक्टरी रिसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखं करा, आधी नाही.

सिंक आणि अकाउंट यांचा एवढा आग्रह का धरते ते माझ्या अनुभवावरून सांगते. दोन वर्षांपूर्वी मी फोन बदलला तेव्हा जुना फोन पुसून टाकला आणि मग नव्या फोनवर निवांत बसून वॉच जोडलं. ॲप उघडलं तर इतिहास कोरा. मी ते ॲप लॉगिन न करता गेस्ट म्हणून वापरत होते, म्हणजे माझ्या झोपेच्या आणि हृदयाच्या ठोक्यांच्या सगळ्या नोंदी फक्त त्या फोनमध्ये होत्या आणि फोन मीच पुसला होता. वॉचमध्ये स्वतःत थोड्याच दिवसांचं साठतं, बाकीचं ते फोनकडे देऊन मोकळं होतं. वर्षभराहून जास्तीच्या नोंदी गेल्या त्या गेल्या, आणि त्यातले काही महिने मी आजारी होते, डॉक्टरांना दाखवायला त्या हव्या होत्या. फार वाईट वाटलं होतं. तेव्हा जे कोणी गेस्ट म्हणून वापरत असाल त्यांनी आजच अकाउंट काढा, फोन बदलायचा असो नसो.

प्रश्न: माझ्याकडे ॲपल वॉच आणि जुना आयफोन आहे, आता नवीन आयफोन येतोय. आधी वॉच अनपेअर करू की आधी नवीन फोन सेट करू? मित्र म्हणतो अनपेअर केलं तर वॉचमधलं सगळं उडतं.

उत्तर: मित्राचं अर्धं बरोबर आहे. अनपेअर केलं की वॉच पुसलं जातं, पण पुसायच्या आधी त्याचा बॅकअप आपोआप आयफोनवर घेतला जातो, वेगळं काही करावं लागत नाही. रस्ते दोन आहेत.

दोन्ही फोन हाताशी असतील तर सोपा रस्ता असा की जुना आयफोन आणि वॉच अपडेट करून घ्या, आयक्लाउडमध्ये (ॲपलच्या ऑनलाइन साठवणीत) हेल्थ चालू आहे ना ते बघा, जुन्या फोनचा बॅकअप घ्या आणि नवीन फोन सेट करायला घ्या. सेटअपमध्येच तो विचारतो की हे वॉच या आयफोनबरोबर वापरायचं का, तिथे हो म्हणायचं, वॉच हातात घातलेलं आणि अनलॉक असू द्या, दोन्ही फोन जवळ ठेवा.

जुना फोन लगेच परत द्यायचा असेल तर दुसरा रस्ता. वॉच ॲपमध्ये 'ऑल वॉचेस'मध्ये जाऊन वॉचसमोरच्या वर्तुळातल्या 'i' चिन्हातून अनपेअर करा, ॲपल अकाउंटचा पासवर्ड मागेल तो द्या म्हणजे ॲक्टिव्हेशन लॉकही, म्हणजे वॉच तुमच्या अकाउंटला बांधणारं कुलूपही, निघेल. सिमवालं वॉच असेल तर प्लॅन ठेवायचा की काढायचा असंही विचारतं, परत तेच वॉच जोडणार असाल तर ठेवा. आणि हे झाल्यावर आयफोनचा बॅकअप घ्या, आधी नाही! वॉचचा ताजा बॅकअप आयफोनच्या बॅकअपमध्ये जाऊन बसतो, तुम्ही आयफोनचा बॅकअप आधीच घेऊन ठेवला असेल तर त्यात तो नसणार. इथेच बरेच लोक चुकतात.

कॉम्प्युटरवर बॅकअप घेणाऱ्यांनी तो एनक्रिप्टेड, म्हणजे पासवर्डने कुलूपबंद, घ्यावा, साध्या बॅकअपमध्ये हेल्थचा डेटा येत नाही. पैसे भरायची कार्डं, वॉचचा पासकोड आणि वॉचला जोडलेले इअरबड हे कुठल्याच बॅकअपमध्ये येत नाहीत, ते परत करावंच लागेल. अजून एक, नवा आयफोन डब्यातून काढल्यावर त्यात आयओएसची थोडी जुनी आवृत्ती असू शकते आणि वॉच त्याच्या पुढे गेलेलं असलं तर जोडताना अडतं, तेव्हा आधी फोन अपडेट करा. वॉचला मागच्या आवृत्तीवर आणता येत नाही.

प्रश्न: गॅलेक्सी वॉच वापरतोय, आता आयफोन घेतला. कसं जोडू?

उत्तर: गॅलेक्सी वॉच ४ किंवा त्यानंतरचं असेल तर नाही जोडता येणार. २०२१ मध्ये गॅलेक्सी वॉच ४ आलं तेव्हापासून ही मालिका गुगलच्या वेअर ओएस या घड्याळांसाठीच्या प्रणालीवर आहे आणि आयफोनला चालत नाही, गुगलच्या पिक्सेल वॉचचंही तेच. ॲपल वॉच तर अँड्रॉइडला जोडताच येत नाही. फोनची जात बदलणार असाल तर वॉचचा विचार फोन घ्यायच्या आधी करायचा, नंतर इलाज नसतो. याउलट साधे फिटनेस बँड, गार्मिन, ॲमेझफिट वगैरे दोन्हीकडे चालतात.

प्रश्न: माझं वेअर ओएसचं घड्याळ आहे. दरवेळी फोन बदलला की घड्याळ रिसेट करावं लागतं आणि परत सगळे वॉचफेस, ॲप... कंटाळा येतो. यातून सुटका आहे का?

उत्तर: आहे. २०१४ साली अँड्रॉइड वेअर आलं, २०१८ मध्ये त्याचं नाव वेअर ओएस झालं, आणि इतकी वर्षं फोन बदलला की घड्याळ पुसायचं हाच नियम होता. खरंच जाचक नियम होता तो. २०२३ मध्ये वेअर ओएस ४ आलं आणि त्यात बॅकअप आणि रिसेट न करता नव्या फोनवर जाण्याची सोय मिळाली. घड्याळाच्या सेटिंगमध्ये नव्या फोनला जोडा अशा अर्थाचा पर्याय शोधा, गॅलेक्सी वॉचमध्ये तो 'जनरल'मध्ये असतो. मात्र नव्या फोनवर गुगलचं तेच अकाउंट असायला हवं. घड्याळ जुन्या आवृत्तीवरच अडकलं असेल आणि अपडेट येतच नसेल तर मग रिसेटच, तिथे माझ्याकडेही दुसरं उत्तर नाही.

प्रश्न: जुना फोन पाण्यात पडून गेला, चालूच होत नाही. वॉच त्याला जोडलेलं होतं. आता त्या फोनमधून अनपेअर कसं करणार?

उत्तर: त्या फोनची गरज नाही. वॉचच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये फॅक्टरी रिसेट असतं, बहुतेक वेळा 'सिस्टिम' किंवा 'जनरल'च्या खाली. ते करा आणि नव्या फोनवर ॲप घेऊन जुन्याच अकाउंटने लॉगिन करा. काही कंपन्यांची वॉच अकाउंटला बांधलेली असतात, तेव्हा लॉगिन केल्यावर ॲपमध्ये जुनी जोडणी अजून दिसली तर ती तिथूनच काढा मग नव्याने जोडा. ॲपल वॉच रिसेट केलं तरी ॲक्टिव्हेशन लॉक राहतोच, अकाउंटचा पासवर्ड लागणार. वॉचचा पासकोडही आठवत नसेल तर ते चार्जरवर ठेवा, बाजूचं बटण पॉवरचं चिन्ह येईपर्यंत दाबून धरा आणि मग डिजिटल क्राउन (बाजूचं गोल फिरणारं बटण) दाबून धरला की पुसण्याचा पर्याय येतो.

पासवर्डच विसरला असाल तर आधी तो परत मिळवा, रिसेट नंतर. उलट केलंत तर पुसलेलं वॉच घेऊन बसाल.

प्रश्न: माझं वय ६८. मुलाने नवा फोन दिला आणि घड्याळही जोडून दिलं. पावलं मोजतं, ठोके दाखवतं, पण फोन आला की पूर्वीसारखं मनगटावर थरथरत नाही. मला ऐकू थोडं कमी येतं त्यामुळे त्या थरथरण्याचाच आधार होता. मुलगा परगावी आहे.

उत्तर: काका, तुमचं पत्र वाचलं आणि आधी हेच उत्तर लिहायला घेतलं. जोडणी नीट झालीय, पावलं येताहेत म्हणजे झालीच आहे. राहिल्यात त्या परवानग्या. जुन्या फोनवर त्या कधीतरी दिल्या गेल्या होत्या, ॲप नव्या फोनवर आलं तरी त्या बरोबर येतातच असं नाही.

तुमचा फोन अँड्रॉइड आहे असं धरून सांगते. सेटिंगमध्ये 'ॲप्स'मध्ये जा, घड्याळाचं ॲप उघडा आणि परवानग्यांमध्ये फोन, कॉल लॉग आणि कॉन्टॅक्ट या तिन्ही चालू करा. कॉन्टॅक्ट राहिलं तर घड्याळावर नावाऐवजी नुसता नंबर येतो. मग सेटिंगमध्ये वर शोधायच्या जागी 'नोटिफिकेशन ॲक्सेस' असं टाइप करा, तिथे ॲपची यादी येईल, त्यात घड्याळाच्या ॲपसमोरचं बटण चालू करा. ही परवानगी वेगळी आहे, नेहमीच्या यादीत दिसत नाही म्हणून राहून जाते. तिसरं, त्याच ॲपच्या बॅटरीच्या सेटिंगमध्ये 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडा, नाहीतर फोन बॅटरी वाचवायला ते ॲप मागच्या मागे बंद करून टाकतो आणि सकाळी चालणारं घड्याळ दुपारी गप्प होतं. काही फोनमध्ये ऑटो स्टार्ट असंही असतं, तेही चालू करा. शेवटी घड्याळाच्या ॲपमध्येच कॉल अलर्ट चालू आहे का ते बघा, आणि घड्याळावर डू नॉट डिस्टर्ब किंवा स्लीप मोडची चंद्रकोर दिसत नाही ना तेही. एवढं झालं की कोणाला तरी फोन करायला सांगून लगेच तपासा.

नोटिफिकेशन ॲक्सेसचं बटण राखाडी असेल, दाबलंच जात नसेल, तर ते ॲप प्ले स्टोअरबाहेरून कुठल्या तरी लिंकवरून घेतलेलं असू शकतं. अँड्रॉइड १३ पासून अशा ॲपना ही परवानगी सहजी मिळत नाही. ते काढा आणि प्ले स्टोअरमधून घ्या.

आयफोनवाल्यांचेही असे प्रश्न आलेत. साधं वॉच असेल तर ब्लूटूथमध्ये वॉचच्या नावासमोरच्या आय चिन्हात 'शेअर सिस्टिम नोटिफिकेशन्स' चालू करा. ॲपल वॉच असेल आणि मेसेज कधी येतात कधी नाही असं असेल तर तो बिघाड नसावा, आयफोन अनलॉक असून तुम्ही वापरत असाल तेव्हा नोटिफिकेशन फोनवरच येतं, वॉचवर नाही.

प्रश्न: कॉलिंगवालं वॉच आहे. नव्या फोनला जोडलं, मेसेज येतात पण वॉचवरून बोलता येत नाही, आवाज फोनमधूनच येतो. ब्लूटूथमध्ये एकाच वॉचची दोन नावं दिसतात, हे काय?

उत्तर: यात दोन जोडण्या असतात. एक कमी बॅटरी खाणारी, ब्लूटूथ लो एनर्जी, २०१० मध्ये ब्लूटूथ ४.० बरोबर आलेली, स्टेप्स आणि मेसेज तिच्यावरून जातात आणि ती ॲप सांभाळतं. बोलण्याचा आवाज मात्र जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवरून जातो, हेडसेटसारखा. म्हणून दोन नावं, बऱ्याचदा दुसऱ्या नावात कॉल किंवा ऑडिओ असा शब्द असतो. ॲपमधून जोडून झाल्यावर वॉचवर कॉलिंग चालू करा, मग फोनच्या ब्लूटूथ यादीतून हे दुसरं नाव पेअर करा आणि त्याच्या सेटिंगमध्ये फोन कॉल्सचं बटण चालू ठेवा. वर मी ब्लूटूथ सेटिंगमधून जोडू नका म्हटलं त्याला हा एवढाच अपवाद.

प्रश्न: नव्या फोनला जोडल्यापासून मराठी मेसेजच्या जागी चौकोन दिसतात. पेअरिंग चुकलं का?

उत्तर: नाही, मेसेज पोचतोय म्हणजे पेअरिंग बरोबर आहे. वॉचच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, देवनागरी फाँट नाहीये. ॲपमध्ये फर्मवेअर अपडेट आहे का बघा, असला तर वॉच चार्जरवर ठेवून आणि फोन शेजारी ठेवून पूर्ण होऊ द्या, मध्ये तोडू नका. अपडेटनेही आला नाही तर त्या वॉचवर मराठी दिसणार नाही, आणि हे मला मनापासून खटकतं. इतकी माणसं ज्या भाषेत रोज मेसेज लिहितात तिची अक्षरं घड्याळात घालायला कंपन्यांना जड का जावं? कंपनीला लिहून कळवा, मीही कळवलंय.

प्रश्न: ऑफिसचा फोन वेगळा, घरचा वेगळा. एकच वॉच दोन्हीला जोडता येईल का?

उत्तर: एका वेळी एकच. ॲपल वॉच, वेअर ओएस, साधे बँड, सगळीकडे जवळपास हाच नियम. उलट मात्र चालतं, एका आयफोनला दोन ॲपल वॉच जोडता येतात. ज्या फोनवर महत्त्वाचे कॉल येतात त्याला जोडा आणि दुसऱ्याचे कॉल त्यावर फॉरवर्ड करा, मेसेजचं मात्र जमणार नाही.

प्रश्न: मैत्रिणीने तिचं जुनं वॉच दिलं. माझ्या फोनवर जोडताना ते दुसऱ्या अकाउंटला जोडलेलं आहे असं म्हणतं.

उत्तर: तिलाच सांगा, तिच्या अकाउंटमधून काढून टाकायला. ॲपल वॉच असेल तर तिला आयक्लाउडच्या साइटवर जाऊन दूर बसूनही काढता येतं. तिचा पासवर्ड मागून घेऊ नका.

प्रश्न: वडिलांचं वॉच रिसेट करून नव्या फोनला जोडलं. सगळं नीट चालतंय. अजून काही बघायला हवं का?

उत्तर: हो, आणि तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. ते पडले तर मदत मागणारी सोय वॉचमध्ये असेल तर ती चालू आहे का ते आत्ताच उघडून बघा. ॲपल वॉचमध्ये वय ५५ किंवा त्याहून जास्त असलं की ती आपोआप चालू होते, पण त्यासाठी जन्मतारीख बरोबर भरलेली हवी, आणि सेटअप घाईत केला की नेमकी तीच चुकते. दुसऱ्या वॉचमध्ये ती हातानेच चालू करावी लागू शकते. इमर्जन्सी कॉन्टॅक्टमध्ये तुमचा आत्ताचा नंबर आहे ना, जुना तर राहिला नाही ना ते तपासा. सिमवालं वॉच असेल तर ई-सिम (वॉचच्या आतलंच सिम) नव्याने चालू करावं लागलं असेल, फोन घरात ठेवून वडिलांना वॉच घालून थोडं लांब जाऊ द्या आणि तिथून तुम्हाला एक कॉल लावायला सांगा. साधं ब्लूटूथवालं असेल तर फोनपासून साधारण १० मीटरच्या पुढे, मध्ये भिंती असतील तर त्याच्याही आत, जोडणी तुटते, म्हणजे मदतीचा कॉल जाणार नाही. तेव्हा फिरायला जाताना फोन खिशात ठेवायला त्यांना सांगा.